चंदीचं पाणी

फार फार वर्षांपूर्वीची हकिकत आहे. काडेपेटी अजून घाट चढून वर आली नव्हती. सकाळी उठायचं, खापरी घेऊन शेजारणीच्या दारात उभं राहायचं आणि "विस्तव दे गं बाई" म्हणायचं, असे ते दिवस. त्या काळी डोंगराच्या कुशीत कारववाडी नावाचं गाव होतं. आजही आहे, पण तेव्हाची गोडी काही औरच होती. कारवीच्या कुडाची घरं, सारवलेली अंगणं, आणि गावाच्या डोक्यावर सोमजाईची राई. राई म्हणजे देवीचं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा नेम. गावाचा झरा त्या राईतूनच यायचा, म्हणून म्हातारी माणसं पाण्याचा पहिला घोट घेताना राईकडे बघून हात जोडायची. कुठे गेली ती माणसं, कुणास ठाऊक!

या गावात राणूची बायको होऊन ठकू आली. घाटाखालची पोर. दिसायला चारचौघींसारखी होती, पण तिची एक सवय मात्र साऱ्या गावापेक्षा निराळी. चुलीवर भांडं चढलं की ती त्यावर खोलगट झाकण ठेवायची आणि झाकणात पाणी ओतायची. आत कालवण शिजायचं, वर पाणी तापायचं. उकळी फुटली की बाई सरळ लाकडं मागे ओढायची, राखेत दाबून विझवायची आणि भांडं वैलावर सरकवायची. चुलीच्या बाजूला ती लहान चूल असते ना, तो वैल. जाळ नसायचा, नुसती धग असायची. तेवढ्यावर तिचा भात मोकळा शिजायचा. वाल-हुलगे तर ती आदल्या दिवशीच भिजत घालायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी जाळ कमी लागतो.

आता यात हसण्यासारखं काय होतं? पण गाव हसलं. कारण कारववाडीत मान होता धुराचा. ज्या छपरावर धुराचा लोट मोठा, ते घर भरलेलं, असं लोक समजायचे. ठकूची सासू भागा, ती तर कपाळावर हात मारून घ्यायची.

"अगं, पाव्हणा वाटेवरनं आपल्या घराकडं बघतोय," ती म्हणायची. "धूर दिसला न्हाई तर म्हणंल, राणूच्या घरात चूलच पेटली न्हाई! किती गं चिक्कटपणा करशील?"

"आत्याबाई, धुरानं कुणाचं पोट भरतं का?" ठकू म्हणायची, आणि लाकूड मागे ओढायची. भागा रागानं फणफणत अंगणात जाऊन बसायची. गावातल्या बायांनी ठकूचं नावच झाकणी पाडलं. ती पाणवठ्यावर आली की एकमेकींना खुणावायच्या, "हंडे झाका गं, झाकणी आली!" ठकूही हसायची. मनाला लावून घेणारी बाई नव्हती ती.

तिला एक मुलगी झाली, चंदी. दुडूदुडू पळायची, आजीच्या नऊवारीचा सोगा धरून गावभर हिंडायची. सुनेवर डाफरणारी भागा नातीपुढे लोण्यासारखी मऊ व्हायची. पण त्या साली गोवर आला आणि घरोघरची लेकरं घेऊन गेला. त्यात चंदीही गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. राईच्या कडेला एक मोठी जांभळी होती, तिच्या मुळाशी चंदीला ठेवलं. त्यानंतर ठकू रोज गवताला गेली की येताना त्या जांभळीखाली घटकाभर बसायची. तिथे बसलं की लेक मांडीवर आहे असं तिला वाटायचं. घरी आली की कामाला लागायची. त्या दोघी सासू-सुना पोरीचं नाव एकमेकींपुढे कधी काढत नव्हत्या.

इकडे गावाचे मोठाले जाळ चालूच होते. हळूहळू डोंगर बोडका झाला. बाया सरपणाला पहाटे निघायच्या, त्या उन्हं डोक्यावर आल्यावर परतायच्या, आणि हातात काय, तर चार काटक्या. मग खालच्या गावचा मोळीवाला यायला लागला. एका मोळीला सूपभर नाचणी मागायचा मेला! घरात खायला कमी आणि जाळायला जास्त, अशी गत झाली. ठकूच्या घरात मात्र मोळीवाल्याचं पाऊल पडलं नाही. तरी गावाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

चैत्रात सोमजाईची जत्रा आली. जत्रेला गावजेवण, आसपासच्या वाड्यांना आवतण. एवढ्या अन्नाला लाकूड आणायचं कुठून? गाव पारावर जमलं. हैबती पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाले, "राई कुणाची? देवीची. जेवण कुणाचं? देवीचं. मग देवीच्या जेवणाला देवीचं लाकूड वापरलं, तर त्यात पाप कसलं? कडेची जांभळी तोडू. गावजेवण निघंल."

माणसांनी माना डोलावल्या. बायांच्या घोळक्यात ठकू उभी होती. जांभळी म्हणजे तिची चंदी. कुऱ्हाड बसणार ती पोरीच्या उशाशी. आणि एकदा कुऱ्हाड आत शिरली की ती कडेवर थोडीच थांबते? आज जांभळी, पुढच्या जत्रेला ऐन, मग हिरडा, आणि झरा आटेल तेव्हा सगळे कपाळ बडवतील.

त्या काळी पारावर बाई बोलत नसे. ठकूनं पदर डोक्यावर ओढला आणि ती पुढे झाली.

"पाटील, गावजेवण मी रांधते," ती म्हणाली. "माझ्या घरात हाईत तेवढ्याच लाकडांत. पर राईला हात लावू नका."

पारावर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "झाकणी, झाकणी!" पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पोरी, वाड्यावाड्यांचं गाव जेवायला येणार. भात कच्चा राहिला तर माझं नाक कापलं जाईल. मग काय करशील?"

"मग कुऱ्हाड मी आणून देईन," ठकू म्हणाली. एवढं बोलून ती तिथेच रडली.

जत्रेच्या आदल्या दिवशी तिनं घरोघर वाल भिजवायला लावले. परातीच्या पराती गोळा केल्या. मग माळावर उताराला एक लांब चर खणला आणि हंडे एका रांगेत मांडले, म्हणजे पहिल्या हंड्याचा जाळ शेवटच्या हंड्यापर्यंत सरकत जाईल. प्रत्येक हंड्यावर परात, कडेला भिजवलेल्या पिठाचा लेप, आणि परातीत पाणी. हंड्यांना उकळी फुटली, झाकणं थडथडायला लागली, आणि ठकूनं हाक दिली, "ओढा लाकडं!"

लाकडं ओढली, विझवली. चराचं तोंड मातीनं बुजवलं, हंड्यांभोवती पेंढा रचला आणि वरून घोंगड्या टाकल्या. धूर संपला. माळावर नुसती शांतता. वाड्यांवरची माणसं येऊन बसली, तर कुठे जाळ नाही, धूर नाही! माणसं कुजबुजायला लागली. पाटलांचा चेहरा उतरला. एक गडी तर कुऱ्हाड खांद्यावर टाकून राईच्या वाटेला लागला.

"उघडा ते हंडे! बघू तरी, आत काय हाय ते!" असा गलका झाला. दोघं-चौघं उठले. आता एक झाकण जरी उचललं असतं, तर सगळी वाफ निघून गेली असती आणि भात कच्चा राहिला असता. ठकूनं हात जोडले, पण ऐकतंय कोण?

तेवढ्यात म्हातारी भागा उठली. लोकांना वाटलं, आता ही सुनेला चार शिव्या घालणार. पण भागा तरातरा गेली आणि हंड्यांच्या पुढ्यात फतकल मारून बसली. "घोंगडीला हात लावलात तर याद राखा!" ती कडाडली. "जांभळीखाली माझी नात निजलीय. हिची एकटीची व्हती व्हय ती? माझीबी व्हती!" आणि पोरगी गेल्यापासून जी म्हातारी रडली नव्हती, ती हमसून हमसून रडायला लागली. ठकूनं तिला मिठी मारली. मग पुढे यायची कुणाची छाती होणार? कुऱ्हाडवाला गडीसुद्धा वाटेतच खाली बसला.

वेळ झाली तशी ठकूनं स्वतः घोंगड्या काढल्या. आणि काय सांगावं महाराजा! पहिलं झाकण उघडलं तशी वाफ अशी उसळली, की माळ दिसेनासा झाला. ती वाफ वर वर चढत राईवर गेली आणि पानापानांवरून थेंब होऊन टपटपली, असं म्हणतात. भात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा मोकळा. वालाच्या आमटीचा वास खालच्या गावापर्यंत गेला आणि आवतण नसलेली माणसंही पानावर येऊन बसली. तो भात वाढता वाढता सरेना. काही म्हणतात, हंड्याशी सोमजाई स्वतः बसली होती. जेवणं उरकली तरी ठकूची अर्धी लाकडं शिल्लक! पाटलांनी भर माळावर पागोटं काढून त्या बाईला नमस्कार केला. कुऱ्हाडवाला कधी घरी गेला ते कुणी पाहिलंही नाही.

जेवणाआधी एक गोष्ट झाली. परातींतलं पाणी चांगलं कढत झालं होतं. धुळीनं माखलेली पोरं भोवती जमली होती. भागानं तांब्या भरला, त्यात गार पाणी घालून कोमट केला आणि सुनेला विचारलं, "पहिला तांब्या कुणाच्या नावाचा?" ठकूनं जांभळीकडे पाहिलं. मग म्हातारीच मोठ्यानं म्हणाली, "चंदीचं पाणी! या रे पोरांनो, हात-तोंड धुवायला!" आणि गावातली सगळी पोरं धावली.

त्यानंतर कारववाडीत उघड्या भांड्यात कुणी रांधलं नाही. मोळीवाला काही दिवस हेलपाटे घालत राहिला आणि मग यायचा बंद झाला. डोंगर पुन्हा हिरवा झाला. राई आजही तशीच आहे, झराही वाहतो आहे. जत्रेत उरलेली लाकडं घरी न्यायची नाहीत, जांभळीच्या मुळाशी ठेवायची, ती तिथेच कुजून माती होतात. गावात आता गॅस आला, पण भांड्यावर झाकण आणि झाकणात पाणी ठेवल्याशिवाय एकही सून चूल, म्हणजे शेगडी, पेटवत नाही. कुकर आणलेल्या बायासुद्धा शेजारी एक झाकणाचं भांडं चढवतातच. सिलिंडर जास्त दिवस पुरतो, असं त्या म्हणतात, आणि ते खरंही आहे.

पण ते पाणी मात्र कुणी स्वयंपाकात घालत नाही. आधी घरातल्या लेकरांचे हात-तोंड त्यानं धुवायचे, असा रिवाज आहे. ठकू खूप म्हातारी होऊन गेली. शेवटी तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. दिवेलागणीला ती उंबऱ्यावर येऊन बसायची आणि कान देऊन ऐकायची, असं म्हणतात. या घरातून, त्या घरातून, वरच्या आळीतून, खालच्या आळीतून आया हाका मारायच्या, "चंदीचं पाणी तापलं गं, या लवकर!" आजही मारतात. कधी कारववाडीला गेलात तर दिवेलागणीला तिथे थांबा. गावात चंदी नावाची एकही मुलगी नाही, आणि घराघरातून तिला हाक येते.