गावतळ्याचा बांध

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कासवे बोलत आणि माणसे ऐकून घेत.

एका राज्यात एक वृद्ध पंडित होता. त्याने पुष्कळ वाचले होते, आणि म्हणूनच की काय, त्याला आपल्या कुठल्याही मताची पुरती खात्री वाटत नसे. एकदाच वाटली. दाट रानात त्याने एक तळे पाहिले. तिथे माणसाचे पाऊल पडत नव्हते आणि पाणी नितळ होते. तो राजाला म्हणाला, "गावतळ्याकाठची वस्ती उठवा. तेही असेच होईल."

राजाने सारे गाव टेकडीपलीकडे हलवले.

तीन वर्षांनी, उन्हाळा लागताना, पंडित गावतळे बघायला गेला. तळे गाळाने भरत आले होते. पाणी घोटाभर. बांध खेकड्यांनी पोखरलेला.

चिखलातून एक म्हातारे कासव वर आले. "बघ, काय केलंस ते."

"मी तर माणसं दूर केली," पंडित चाचरत म्हणाला. "रानातलं तळं..."

"ते डोंगरानं घडवलं, डोंगरच त्याला सांभाळतो. हे माणसांनी बांधलं. दर उन्हाळ्यात ती गाळ उपसून शेतात न्यायची, बांधाची भोकं बुजवायची. हा बांध यंदाचा पाऊस काढणार नाही. तो फुटला की आमचं घर गेलं."

पंडित गप्प राहिला असता तर कुणाला कळलेही नसते. पण तो टेकडी ओलांडून गावाच्या जाणत्या म्हातारीकडे गेला.

"या पंडितबुवा," ती म्हणाली. "आता इथूनही उठायचं का आम्ही?"

"नाही, बाई. माझं चुकलं. बांध फुटायला आलाय, परत चला. राजाला मी सांगतो."

"राजा ऐकेल?"

"ठाऊक नाही."

"एवढं तरी खरं बोललात. गाळाची पाटी उचलता येते का?"

"कधी उचलली नाही."

"मग शिका."

राजा आधी चिडला, मग त्याने ऐकले. आणखी चार गावे उठवायचा हुकूम निघाला होता, तोही त्याने मागे घेतला. गाव परतले. पंडिताची पाटी अर्धीच भरलेली असे; लोक हसत, पण ती त्याच्या डोक्यावरून कुणी काढून घेतली नाही. पाऊस आला, तळे काठोकाठ भरले, आणि बांध टिकला.

तात्पर्य: रान आपले आपण जगते, माणसाने उभारलेले मात्र माणूस राबत राहिला तरच जगते, आणि त्याच्या आधाराने इतर जीवही.