गिरकीची अळूची टोपी

एक होती गिरकी. मेंढीचं एवढंसं कोकरू. केस कसे? कुरळे कुरळे कुरळे! कपाळावर कुरळे, कानामागे कुरळे, शेपटीवरसुद्धा कुरळे!

गिरकीला पोहायला भारी आवडायचं. पण पोहून आली, की केसांचा हा गुंता! आई विंचरायची, खर्रर्र! गिरकी ओरडायची, "आई गं, आई गं, आई गं!"

मग आईने काय केलं? केसांना खोबरेल चोपडलं, चप चप चप. वेणी घातली. वर अळूच्या पानाची टोपी. अळूच्या पानावर पाणी थांबतं का? छे! घरंगळून जातं. आई म्हणाली, "टोपी नाही, तर पोहणं नाही!"

गिरकी निघाली तळ्यावर. टुणुक टुणुक. वाटेत भेटली शेळी. तिने टोपी बघितली. आणि मचमच मचमच... खाऊनच टाकली! वर ढेकरही दिला. काय म्हणावं या शेळीला!

बदकाची पिल्लं तळ्यात, डुबुक डुबुक. गिरकी काठावर, एकटी. तिला रडूच आलं.

डोळे पुसले, आणि गेली अळूकडे. टुणुक टुणुक.
"अळूकाका, अळूकाका, पान द्या ना!
टोपी होईना,
मी पोहू कशी?"
अळूकाका मान टाकून म्हणाले, "मी तहानलेला. आधी पाटाचं पाणी आण."

गिरकी गेली पाण्याच्या पाटाकडे. टुणुक टुणुक.
"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड ना!
अळू पान देईना,
टोपी होईना,
मी पोहू कशी?"
पाट म्हणाला, "गुळ्ळ गुळ्ळ! माझ्या तोंडात चिखल. आधी खेकड्याला उकरायला सांग."

गिरकी गेली खेकड्याकडे. टुणुक टुणुक.
"खेकडेराव, खेकडेराव, चिखल उकरा ना!
पाट पाणी सोडेना,
अळू पान देईना,
टोपी होईना,
मी पोहू कशी?"
खेकडेरावांनी नांग्या वाजवल्या, कट कट. "उपाशीपोटी काम? मी? मुळीच नाही! आधी माडाचं खोबरं आण."

गिरकी गेली माडाकडे. टुणुक टुणुक.
"माडआजोबा, माडआजोबा, नारळ टाका ना!
खेकडा चिखल उकरेना,
पाट पाणी सोडेना,
अळू पान देईना,
टोपी होईना,
मी पोहू कशी?"
माडआजोबा म्हणाले, "वारा हलवेल, तर नारळ पडेल. आधी त्याला उठव."

वारा कुठे? टेकडीवर. काय करतोय? घोरतोय, घुर्रर्र! गिरकी गेली टेकडीवर. टुणुक टुणुक.
"वारेमामा, वारेमामा, वाहा ना!
माड नारळ टाकेना,
खेकडा चिखल उकरेना,
पाट पाणी सोडेना,
अळू पान देईना,
टोपी होईना,
मी पोहू कशी?"
वारेमामांनी एक डोळा उघडला. "वाहतो की! पण आधी वेणी सोड. मला तुझ्या कुरळ्या केसांत खेळायचंय!"

बाप रे! वेणी सोडायची? मग गुंता! मग खर्रर्र! मग आई गं, आई गं, आई गं!

गिरकीने तळ्याकडे बघितलं. डुबुक डुबुक. तिने डोळे घट्ट मिटले. आणि वेणी सोडली! "घ्या मामा, खेळा!"

वारा केसांत शिरला, फुर्रर्र!
वारा वाहिला, सूं सूं!
माडाने नारळ टाकला, धप्प! फुटला की!
खेकड्याने खोबरं खाल्लं, चिखल उकरला, खर खर!
पाटाने पाणी सोडलं, खळखळ!
अळू पाणी प्यायला, गट गट! आणि पान दिलं. केवढं? छत्रीएवढं!

पान घेऊन गिरकी घरी पळाली. आईने बघितलं मात्र! "अगं बाई! हे माझंच कोकरू, की कापसाचं गाठोडं?"

आई रागावली. मग खूप हसली. खोबरेल चोपडलं, चप चप चप. हळूहळू गुंता सोडवला. आई गं! एकदाच हं. वेणी घातली. पानाची टोपी केली. गाठ बांधली, घट्ट!

आणि गिरकी तळ्यात. डुबुक!

आई काठावर बसली, कंगवा घेऊन. गिरकी बाहेर आली. आईने टोपी काढली. केसांतून हात फिरवला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गुंता कुठेच नाही!

"आई, मग परत जाऊ?"
"जा गं बाई, जा!" आईने टोपी पुन्हा बांधली.

डुबुक! केवढं पाणी उडालं!
काठ भिजला, पिल्लं भिजली, आई भिजली, आईचा कंगवाही भिजला.
आणि गिरकीचे केस? कोरडे ठणठणीत!