राजाचा सिंह आणि सोनाराचा घाम

फार पूर्वीची गोष्ट, आणि अगदी खरी, म्हणजे मी सांगतोय तितकी खरी. एका राजाकडे पणजोबांचा सोन्याचा ब्रोच होता. जनावराचा आकार, डोळ्यांच्या जागी दोन हिरे. दर दसऱ्याला राजा तो अंगरख्यावर टोचायचा.

"सिंह आहे," राजा म्हणायचा.

"सिंहच! आयाळ बघा!" प्रधानजी ओरडायचे. आयाळ कसली डोंबलाची, वर्षानुवर्षांचा मळ तो!

एकदा ब्रोच उजळायला भिकाशेट सोनाराकडे आला. त्याने तो रिठ्याच्या पाण्यात घासला. मळ निघाला आणि वर आले दोन लांबलचक कान.

"अगंबाई, हे तर गाढव!" बायको ओरडली.

"हळू बोल! मान जाईल माझी."

"मग कान कापा की."

"घडवला तेव्हाचं वजन राजवाड्याच्या वहीत लिहिलंय. दोन गुंजा कमी भरल्या तर चोर ठरेन."

"मग मेण नि काजळी फासा. झाली आयाळ!"

भिकाशेटने मेण हातात घेतलं खरं. मग खाली ठेवलं. "लोक डोळे मिटून माझ्याकडे सोनं टाकून जातात गं. नाही जमायचं."

दसऱ्याला भर दरबारात तो घाम पुसत म्हणाला, "महाराज, माफी असावी. हे गाढव आहे."

"याने सिंह बदलला! सुळावर चढवा!" प्रधानजी गरजले.

तराजू आला. वजन वहीतल्या आकड्याशी गुंजेला गुंज जुळलं. तेवढ्यात राजाची म्हातारी आत्या खो खो हसायला लागली.

"अरे, गाढवच ते! लढाईत माझे आजोबा जखमी झाले, तेव्हा सरदार पळाले. कुंभाराच्या गाढवाने त्यांना पाठीवर घरी आणलं. म्हणून त्यांनी हा घडवून घेतला."

"मग आत्याबाई, इतकी वर्षं बोलला का नाहीत?" राजाने विचारलं.

"मला विचारलंय कोणी?"

राजाने अभिमानाने गाढव छातीवर टोचलं. "भिकाशेट, आजपासून राजवाड्याचं सगळं सोनं तुमच्या हाती!"

प्रधानजींची तारांबळ उडाली. सावरून घ्यायला ते पुढे धावले. "वा महाराज! गाढव काय शोभतंय तुम्हाला! अगदी तुमच्या घराण्यातलंच वाटतंय!"

दुसऱ्या दिवसापासून प्रधानजी कुंभाराकडे माती वाहू लागले.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: खरं बोलणाऱ्याला घटकाभर घाम फुटतो, पण होला हो करणाऱ्याला त्याचंच तोंड एक दिवस खड्ड्यात घालतं.