अस्वलाचे वीस तुंबे

मुलांनो, एका डोंगराच्या कपारीत मधमाश्यांचे भले मोठे मोहोळ होते आणि त्याच्या राखणीला एक अस्वल होते. बारा वर्षे त्याने चोख राखण केली. नाकासमोर मध ठिबकत असे, पण त्याने कधी जीभ बाहेर काढली नाही. पुढे त्याचे दात पडले, चार पावले चढले तरी धाप लागू लागली. तेव्हा राणीमाशीने त्याला बोलावून घेतले. ती म्हणाली, "अस्वलदादा, आता आराम करा. तुम्ही आहात तोवर दर पौर्णिमेला द्रोणभर मध तुमच्या गुहेत पोचेल. नाहीतर आजच भोपळ्याचे वीस तुंबे भरून एकदम घेऊन जा. मात्र मग पुन्हा मागायला यायचे नाही."

अस्वल विचारात पडले. शेजारच्या झाडावर एक माकड राहत असे. ते हिशेबात मोठे हुशार. ते म्हणाले, "उद्या तुझे काही बरेवाईट झाले, तर पुढचे द्रोण कोणाचे? माश्यांचेच. त्यापेक्षा तुंबे उचल. आता रानभर फुले आहेत, म्हणून मधाला कोणी विचारत नाही. पावसाळ्यात एका तुंब्याला तीन टोपल्या सुकी मोहफुले मिळतील. जन्माची ददात मिटेल."

स्वतःच्या बऱ्यावाईटाचा विषय अस्वलाला आवडला नाही, पण तीन टोपल्या फार आवडल्या. घरी येऊन त्याने बायकोला बेत सांगितला.

"अहो, द्रोणच बरा," अस्वलीण म्हणाली. "घरात एवढा मध ठेवायची आपल्याला सवय नाही."

"बारा वर्षे मध राखलाय मी. राखण कशी करायची, ते तू मला शिकवू नकोस."

झाले! वीस तुंबे गुहेत आले. तिसऱ्या दिवशी अस्वलाच्या मनात आले, मध आंबला तर नसेल ना? त्याने एका तुंब्यात बोट बुडवून पाहिले. मध उत्तम होता. पण एकच तपासून कसे चालेल? त्याने वीसच्या वीस तपासले. मग कोणता तुंबा जास्त भरलेला, कोणता कमी, हे त्याला बघवेना. त्याने सगळे सारखे करायला घेतले, अर्थात जास्त असेल त्यातले कमी करून.

"हे काय चाललंय?" अस्वलिणीने विचारले.

"देखरेख," अस्वल मिशा पुसत म्हणाले.

पुढे भाचेमंडळी येऊ लागली. बारा वर्षांत मामाची गुहा त्यांना कधी सापडली नव्हती. मामाही कोणाला कोरड्या तोंडी जाऊ देईना. पावसाळा लागला आणि माकडाचा हिशेब तंतोतंत खरा ठरला. मोहफुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन वानरांची रांग गुहेच्या दारात उभी राहिली. पण आत वीस तुंबे इतके स्वच्छ झाले होते, की मुंगीसुद्धा तिकडे फिरकत नव्हती. वानरे टोपल्या घेऊन परत गेली.

आठ दिवस दोघांनी कंदमुळे चघळून काढली. शेवटी अस्वल खालमानेने मोहोळापाशी गेले. "राणीसाहेब, मध मागायला आलो नाही. काम मागायला आलो आहे."

राणीला दया आली. रोज एक पानभर मधावर तिने त्याला पुन्हा राखणीला ठेवले. म्हातारे अस्वल पावसात कुडकुडत उभे राहू लागले. महिन्याने राणीने मोहोळ तपासले, तर थेंबभरही मध कमी झाला नव्हता.

"दादा, इतकी कडक राखण तुम्हाला जमते," ती नवलाने म्हणाली, "मग घरातले वीस तुंबे कसे संपले?"

"राणीसाहेब," अस्वल म्हणाले, "ते माझे होते ना!"

तात्पर्य : आयुष्यभराची पुंजी एकदम हातात घेण्यापूर्वी ती किती वाढेल एवढेच पाहू नये, ती वाढेपर्यंत आपला हात आपल्याला आवरेल का, हेही स्वतःला खरे खरे विचारावे.