पान्याआधी खडू

"उस्ताद, मला पास का केलंत?"

लतीफ मुजावर शेडच्या दारात स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही. घाटमाथ्यावरच्या त्या प्रशिक्षण केंद्रात गाड्यांचं काम शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. पोरं त्यांना सर म्हणत नसत, उस्ताद म्हणत.

"पास झाल्यावर लोक पेढे आणतात," ते म्हणाले. "तू भांडण आणलंस."

"उत्तर द्या."

यामिनी खरातच्या एका हातात प्रमाणपत्र होतं, दुसऱ्या हातात चाकाचा पाना. परीक्षा काल झाली होती, आणि आज सकाळी प्रमाणपत्रं वाटूनही झाली होती. सगळी बॅच पास. मागे पटांगणात पोरं एकमेकांच्या तोंडात पेढे कोंबत होती.

"नापास करायला हवं होतं काय तुला?"

"बघायला हवं होतं! नुसतं बघायला. मग करा पास, नाहीतर करा नापास."

उस्तादांनी चहाचा घोट घेतला.

"माणिकला नट कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो ते अजून कळत नाही," ती म्हणाली. "तो पास. विक्रांत तर परीक्षेला आलाच नव्हता. तोही पास. आणि मी... माझ्या चाकाजवळ आल्यावर परीक्षक साहेब काय म्हणाले, आठवतंय?"

उस्तादांनी कपातल्या चहाकडे बघितलं.

"'मुलगी आहे, हिला कुठलं गॅरेज ठेवून घेणार, करून टाका पास.' तुम्ही शेजारी होतात, उस्ताद. तुम्ही हसलात."

"मी हसलो नाही."

"गप्प बसलात. मला दोन्ही सारखंच."

उस्तादांनी कप खाली ठेवला.

यामिनी थांबणार नव्हती. मागच्या आठवड्यात ती शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाचं विचारायला गेली होती. तिथल्या सुपरवायझरनं केंद्राचं नाव ऐकलं आणि तिच्यासमोर खो खो हसला. म्हणाला, तिथला कागद होय? तिथं चाक न बघता पास करतात. ती रागानं लाल होऊन परत आली होती. येताना एसटीत तिनं मनाशी ठरवलं होतं, हा माणूस खोटं बोलतोय हे मी सिद्ध करून दाखवीन.

"काल मी प्रॅक्टिकलच्या जीपचं मागचं डावं चाक चढवलं," ती म्हणाली. "नट बोटांनी फिरवून तसेच सोडले. एकालाही पाना लावला नाही. मुद्दाम. आणि 'झालं' म्हणून ओरडले."

आता उस्तादांनी मान वर केली.

या शेडमध्ये एक रीत होती, आणि ती उस्तादांनीच घालून दिलेली. शिकणाऱ्यानं काम संपवून "झालं" म्हणायचं आणि हात मागे बांधून बाजूला व्हायचं. मग तपासणाऱ्यानं प्रत्येक नटाला स्वतः पाना लावायचा. नट हलला नाही तरच त्यावर खडूची रेघ ओढायची. पहिल्या दिवशी एका पोरानं नुसत्या नजरेनं बघून रेघ ओढली, तेव्हा उस्तादांनी त्याच्या हातातला खडू काढून घेतला होता आणि दिवसभर त्याला झाडू मारायला लावला होता.

"तुम्ही आलात," यामिनी म्हणाली. "साहेब मागून घाई करत होते. तुम्ही खाली वाकलात, खडू फिरवलात आणि पुढे गेलात. पाना खिशातून काढलासुद्धा नाहीत."

उस्ताद उठले.

प्रॅक्टिकलची जीप शेडमध्ये उभी होती. वर्षभर ती तिथंच उभी असायची, पोरं तिची चाकं काढायची आणि घालायची. पण आज साहेबांना न्यायला येणारी गाडी आली नव्हती. त्यामुळे जेवण झालं की त्यांना याच जीपमधून घाट उतरवून स्टेशनला सोडायचं, असं ऑफिसात ठरलं होतं. जीप चालवणार होता माणिक. यामिनीला हे आत्ताच कळलं होतं, आणि पाना घेऊन ती धावत आली होती.

उस्ताद मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले. एका नटाला त्यांनी नुसतं बोट लावलं.

नट फिरला. त्याच्यावरची पांढरी रेघही फिरली.



"पाना तुझ्या हातात होता," ते हळूच म्हणाले. "सरळ इथं येऊन आवळून टाकायचंस. माणसं बसणार आहेत यात."

"मी आवळले असते तर तुम्हाला कधी कळलं असतं?"

"म्हणजे मला धडा शिकवायला थांबलीस."

"होय!" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज जरा उतरला. "जीप बाहेर निघणार हे मला काल माहीत नव्हतं. माझं चुकलं, ते मी मान्य करते. तुमचं काय?"

"बॅच पडली तर केंद्र बंद करतात, यामिनी. मग या पोरांनी जायचं कुठं?"

"आता कुठं जाणार आहेत? लोकांच्या गाड्यांखाली! लोकांच्या ब्रेकला हात लावणार आहेत!" तिनं प्रमाणपत्र जीपच्या बॉनेटवर आपटलं. "केंद्र बंद झालं तर होऊ दे. मी वर्षभर हात काळे केले ते या कागदासाठी, आणि तुम्ही त्याची रद्दी केलीत. साहेबांवर नाही मी चिडलेय. ते काल आले, आज जातील. तुम्ही तर आम्हाला शिकवलंत!"



त्यांनी बाहीनं एकेका नटावरची रेघ पुसली. मग हात पुढे केला. यामिनीनं पाना दिला.

ते नट आवळू लागले. आधी एक, मग त्याच्या समोरचा, जसं त्यांनीच शिकवलं होतं तसं. त्यांच्या कपाळावर घाम आला. पोरं पेढे खात खात शेडच्या दाराशी गोळा झाली.

शेवटचा नट झाला. उस्ताद पाना खाली ठेवून उभे राहिले आणि दोन्ही हात मागे बांधून बाजूला झाले.

"झालं!" ते ओरडले. शिकाऊ पोरासारखे.

दारातली पोरं हसली.

यामिनीला हसू आलं नाही. "हे नाटक कशाला?"

उस्तादांनी खिशातून खडू काढला, तिच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा हात मागे बांधले.

"अगं, ओढ की रेघ!" माणिक तोंडात पेढा धरून म्हणाला. "खुद्द उस्तादांचं काम आहे ते. साहेबांचं जेवण होत आलंय, मला गाडी काढायचीय."

यामिनी चाकाशी बसली. खडू तिच्या बोटांत होता. तिचा हात नटाकडे गेलासुद्धा... आणि थांबला.

तिनं खडू खाली ठेवला आणि पाना उचलला.

पहिला नट हलला नाही. तिनं रेघ ओढली. दुसरा हलला नाही. तिसराही नाही.

चौथा फिरला.

थोडा नाही, चांगला पाव फेरा.

तिनं वर बघितलं. उस्तादांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी तो मुद्दाम सोडला होता, की त्यांच्या खांद्यात आता जोर राहिला नव्हता, हे तिला कळेना. तिनं पान्यावर सगळं अंग टाकलं. नट करकरत जागेवर बसला. मग तिनं पाचवा तपासला आणि उठून उभी राहिली.

"काय झालं?" माणिकनं विचारलं.

समोरच्या ऑफिसमधून ताटांचा आवाज येत होता. साहेब कशावर तरी मोठ्यानं हसत होते.

यामिनी उस्तादांकडे वळली.

"उस्ताद," ती पुटपुटली. "नापास."

उस्तादांनी हात मागेच ठेवले होते.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "ऑफिसात ऐकू गेलं पाहिजे."