सातवा बंद

एका राज्यात सूर्य मावळतीला येऊन अडला होता, आणि तो का अडला हे राज्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

लढाईच्या आदल्या संध्याकाळी राजा जयकेतूने सूर्याकडे हात करून शपथ घेतली, "उद्या उगवशील तेव्हा मला नदीपलीकडे पाहशील." घटकाभरात राजाचा खून झाला. शपथ खोटी पाडायला सूर्य तयार होईना. तो डोंगरमाथ्यावर टेकून राहिला. गाईंचे दूध आटले. तान्ही मुले झोपेनात.

प्रधान राजाच्या धाकट्या भावाला, वीरकेतूला म्हणाले, "राजाची शपथ वारसाने परत घ्यावी, असा रिवाज आहे. आपण घ्या. चिताही रचली आहे."

"दादाला जाळू देणार नाही. शपथ राहू दे, सूर्य राहू दे. सडा सगळे!"

कारण चूक त्याचीच होती. त्या राज्यात राजाच्या चिलखताला सात बंद असत. ते पाठच्या भावाने बांधायचे आणि त्यानेच सोडायचे. दुसऱ्या कुणाचे बोट लागायचे नाही, राजाचेसुद्धा. सहा बांधून झाले तेव्हा राजा म्हणाला होता, "धाकल्या, उद्या तू येणार नाहीस. दोघे गेलो तर आईजवळ कोण?"

"म्हणजे मी घरात बसू? मग सातवा तुझा तूच बांध!" असे ओरडून वीरकेतू पाय आपटत निघून गेला. बरगडीवरचा बंद लोंबता ठेवून राजा सैन्याचा मुजरा घ्यायला चौकात गेला. तिथे एका शिकलगाराने, तलवारींना धार लावणाऱ्या माणसाने, नेमकी त्याच फटीत सुरी घातली. शिपायांनी त्याला जागीच तोडले.

वीरकेतू काजळडोंगरावरच्या जादूगारिणीकडे गेला. तिच्या दारात टिटवी बसली होती.

"विचार करून आलास की चिडून?" टिटवीने विचारले.

"चिडून."

"वाटलेच. जा आत."

जादूगारीण म्हणाली, "ती संध्याकाळ परत देईन. तीन वस्तू आण. मारणारी सुरी, लोंबता राहिलेला बंद, आणि मारेकऱ्याच्या आईचे ओंजळभर अश्रू. पण ऐक. सातवा बंद बांधलेला असेल तोवर भाऊ जगेल. सुटला, की पुन्हा हीच संध्याकाळ."

"मी सोडणारच नाही."

सुरी त्याने शस्त्रागारातून उचलली. बंद दादाच्या अंगावरून हलकेच उसवून घेतला. शिकलगाराच्या झोपडीत मात्र तो तलवार उपसूनच शिरला.

म्हातारी भाकरी थापत होती. "मारायचे तर मार," ती म्हणाली. "दोन मुलगे तुझ्या भावाने मागच्या लढाईत नेले. तिसऱ्याने सुरी चालवली, ती चौथ्याला नेऊ नये म्हणून. माझा धाकटा राहिला, तुझा थोरला गेला. रडू तर कधीच आटले." मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. "जेवला नाहीस वाटते?"

तो जेवला नव्हता. तिने भाकरी पुढे केली. तो हावरटासारखा खाऊ लागला, तशी म्हातारी एकाएकी हुंदके देऊ लागली. "माझा मेलेलाही असाच खायचा," ती म्हणाली. वीरकेतूने भाकरी खाली ठेवली आणि ओंजळ धरली.

जादूगारिणीने तिन्ही वस्तू हंड्यात टाकल्या आणि दार उघडले. बाहेर तीच संध्याकाळ होती. दादाने तेच सांगितले. या वेळी वीरकेतू हूं की चूं न करता खाली वाकला आणि सातव्या बंदाला दुहेरी गाठ मारली. चौकात सुरी चिलखतावर आपटून मोडली. सूर्य मावळला, उगवला, राजा नदीपलीकडे गेला.

लढाई सहा महिने चालली. राजा जिंकला. म्हातारीचा चौथा मुलगा पहिल्याच दिवशी पडला. नदीचे पाणी पिण्याजोगे उरले नाही, आणि गावोगाव नांगर धरायला फक्त बायका उरल्या.

राजा परतला. "धाकल्या, बंद सोड."

वीरकेतूने सहा सोडले. "सातवा राहू दे, दादा."

"अरे, आतले कातडे सोलून निघाले आहे. झोप लागत नाही. डोळे मिटले की नदी दिसते. सोड."

तेव्हा वीरकेतूने सगळे सांगून टाकले. राजाने विचारले,

"म्हणजे त्या संध्याकाळी ही लढाईत पडलेली पोरे जिवंत आहेत?"

"आहेत."

"मग सोड."

"नाही! मला त्या पोरांशी काय करायचे आहे? मला तू हवास!"

"तेव्हा रागावून गेलास," राजा म्हणाला. "आता रागावू नकोस, एवढेच. बस जवळ."

गाठ फार घट्ट होती. वीरकेतूने ती दातांनी सोडली.

सूर्य डोंगरमाथ्यावर टेकलेला होता. दादा चितेवर होता. वीरकेतूने हात वर केला. "दादाची शपथ मी परत घेतो. मावळ."

सूर्य मावळला. चिता पेटली. तान्ही मुले झोपली. पलीकडचे सैन्य घरी गेले.

पुढे वीरकेतू राजा झाला आणि त्या राज्यात पुन्हा लढाई झाली नाही. लोक त्याला शहाणा म्हणत. तो शहाणा नव्हता. कितीदा तरी त्याचे डोके फिरे, तो चिलखत मागवी, नोकर ते आणून पुढे ठेवत. सातही बंद लोंबत असत. ते बांधायला त्याला पाठचा भाऊ नव्हता.