जागा एक, उमेदवार दोघी

“बाई, आम्हा दोघींपैकी तुम्ही कुणाच्या बाजूच्या?”

वैजयंता मडावीनं उभ्याउभ्याच विचारलं. अनसूयाबाई रामटेके अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

त्या भागात प्राचार्य झालेल्या बाई पहिल्या दलित स्त्री. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींची ये-जा थांबली नव्हती. वैजयंता त्यांच्यातली सगळ्यांत हुशार, आणि हे तिलाही पक्कं माहीत होतं. जंगलातल्या गोंडी टोल्यावरून, दहा-बारा घरांच्या वस्तीतून येऊन तिनं इतिहासात डॉक्टरेट मिळवली होती.

आता कॉलेजात प्राचार्याची जागा पुन्हा निघाली होती. वैजयंतानं अर्ज केला, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरच्या चंद्रकला भानारकरनंही. तीही बाईंचीच विद्यार्थिनी.

आपल्याच दोघी भांडल्या तर तिसरा कुणीतरी जागा घेऊन जाईल, असं वैजयंताचं म्हणणं. चंद्रकला वयानं लहान, तिनं थांबावं. बाईंनी सांगितलं तर ती ऐकेल.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“येईलच ती आता. तू तिची मुलाखत घे.”

“मी?”

“तुझ्याइतकं कडक दुसरं कोण आहे?”

चंद्रकला आली. दोघी समोरासमोर बसल्या, थोड्या अवघडून. वैजयंतानं निकालाबद्दल विचारलं, वसतिगृहाबद्दल विचारलं, अनुदानाबद्दल विचारलं. चंद्रकलानं नीट उत्तरं दिली.

“संपले प्रश्न,” वैजयंता म्हणाली.

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“तुझा अजून एक राहिलाय.”

बाई कशाबद्दल बोलतायत, ते वैजयंताला कळलं. गेल्या खेपेला याच जागेच्या मुलाखतीत एका प्रश्नापाशी तिची वाचा बसली होती. अडखळले, एवढंच ती बाईंना बोलली होती; प्रश्न कोणता, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. चंद्रकलाला तो सांगायचा म्हणजे तिला आयती वाट दाखवायची. आणि नाही सांगितला, तर तीही तिथंच अडखळणार.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

अखेर वैजयंतानं विचारलं, अगदी त्या दिवशीच्या साहेबी, गोड आवाजात.

“मॅडम, इथली जुनी मंडळी तुमच्यासारखीला सांभाळून घेतील, असं वाटतं तुम्हाला?”

चंद्रकलाचा चेहरा उतरला. “हो... म्हणजे, मी प्रयत्न करीन,” ती पुटपुटली. तिच्याकडे बघता बघता वैजयंताच उसळली.

“अगं, असं सांग ना... मला सांभाळून घ्यावं म्हणून मी आलेली नाही. कॉलेज सांभाळायला आलेय.”

बोलली आणि स्वतःच चमकली. इतके दिवस न सापडलेलं उत्तर तिच्याच तोंडून निघालं होतं. चंद्रकलाला हसू फुटलं. मग वैजयंतालाही. त्यानंतर दोघींनी एकमेकींना असे काही आडवेतिडवे प्रश्न टाकले की हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. तुरीच्या शेंगा बाईंना एकट्यांनाच सोलाव्या लागल्या.

मुलाखतीच्या दिवशी तो प्रश्न दोघींनाही विचारला गेला. दोघींनीही मान वर करून उत्तर दिलं.

निवड चंद्रकलाची झाली.

नाव ऐकून चंद्रकला बाकावर नुसती बसून राहिली. वैजयंता आधी दाराकडे वळली. मग तिनंच चंद्रकलाला हाताला धरून उठवलं, वाटेत जिलेबी घेतली आणि दोघी बाईंकडे आल्या.

चंद्रकला पाया पडायला वाकली. वैजयंता मागे उभी राहिली, पुडा हातात धरून.

“बाई, मी हरले. घरी जाऊन रडावं, असं ठरवलं होतं. पण आतून हसूच येतंय... असं कसं?”

बाईंनी जिलेबीचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला.

“आज दोघी प्राचार्य झाल्या, वैजयंता. खुर्ची एकच आहे, ही कॉलेजची अडचण.”